उकिरड्यातून आलेली ओ

मला ज्यांनी हात दिला ते एक नाथपंथी जोगी होते, दारोदार भिक्षा मागून पोट भरणारे. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. सगळे महाराज म्हणायचे, मीही महाराजच म्हणालो. धुवून धुवून मातकट झालेली भगवी कफनी, कानात जाड मुद्रा, गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली शिंगी, म्हणजे फुंकायची एवढीशी शिट्टी, पायात प्लॅस्टिकचे बूट, आणि रबर बँड लावून बंद ठेवलेला बटणाचा मोबाइल. त्यांचं आधी सांगून घेतो. एकदा आमच्या घरचं सांगायला बसलो की ते मागं राहून जातील, अशी मला भीती वाटते. मला तशी सगळ्याचीच भीती वाटते. गॅस बंद केला का, हे बघायला मी दोनदा घरी परत जाणारा माणूस आहे.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात पडलं आणि लांब दुसऱ्या जागी नवं वसलं. मी नव्या गावात जन्मलो. जुनं गाव मी पाहिलं ते नुसतं दगडांचं आणि बाभळींचं. पण आमच्या घरात एक रीत होती, ती जुन्या गावाहून आलेली. सकाळी डोळे उघडले की माय आधी हाक मारायची. उठवायला नव्हे. कोण कोण आहे ते बघायला. ज्यानं त्यानं आपापल्या अंथरुणातून ‘ओ’ द्यायची, मग चूल पेटायची. आमच्या गल्लीत अशी चार-पाच घरं होती. पाहुणे आले की त्यांना याचं हसू यायचं.

माझ्या आधी मायला एक मुलगी झाली होती. नुकती चालायला लागलेली, हाक मारली की ‘ओ’ म्हणायला शिकलेली. गणपती बोळवून लोक निजले आणि पहाटे गाव पडलं. माय अंगणात होती म्हणून वाचली. उजाडल्यावर ती दगडांच्या ढिगावर उभी राहून लेकीला हाका मारत राहिली. आणि एका हाकेला ओ आली. तिनं ती ऐकली. लोकांना ओरडून सांगितलं, हितं हाय, हितं हाय. माणसांनी हातानं दगड काढले. तिथं कुणी नव्हतं. लेक सापडली ती दुसऱ्याच कोपऱ्यात, आणि तिला बघून सगळे म्हणाले की ही तर पहिल्या झटक्यातच गेली असणार.

मग ती ओ कुणाची? याच्यावर आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. माय मात्र त्यानंतर स्लॅबखाली निजली नाही. सरकारनं बांधून दिलेल्या घरात आम्ही धान्य आणि कपडे ठेवायचो, आणि निजायचो बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात भाजायचं, थंडीत पत्र्याचं पाणी अंगावर ठिबकायचं. माय म्हणायची, “पत्रा पडला तर उचलता येतो.”

माझ्या शाळेला स्लॅब होता. दुपारच्या वेळी माय शाळेच्या लिंबाखाली येऊन मला हाक मारायची. मी खिडकीत जाऊन ओ दिली की तशीच माघारी जायची. गुरुजी चांगले होते, त्यांनी पुष्कळ चालवून घेतलं. पण वर्गानं माझं नावच ‘ओ’ पाडलं. कबड्डीत मी आउट झालो की सगळी मिळून ओरडायची, “ओऽऽ!” नववीत मी शाळा सोडली. कारण विचारलं तर घरची अडचण म्हणून सांगायचो. ते काही खोटं नव्हतं.

नाथांची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती त्याच वयात. श्रावणात गावात पोथी लागायची. आमच्याकडं नाथांचं नाव घेत नाहीत, नुसतं नाथ म्हणतात. मला तर तो देव वाटायचाच नाही, जादूगारच वाटायचा. चिमूटभर राख फुंकली की झाडावरचे आंबे खाली येतात, दुसरी चिमूट टाकली की परत देठाला जाऊन चिकटतात. मातीचं बाहुलं उठून चालायला लागतं. डोंगर सोन्याचा होतो. औशाच्या बाजारात गारुडी यायचा, रिकाम्या टोपलीतून कबूतर काढायचा, पण नाथापुढं तो अगदीच फाटका वाटायचा.

पोथीत एक दिवस उकिरड्याची गोष्ट यायची. त्या दिवशी माय देवळात जायची नाही. मी एकदा मागं लागलो, “चल की गं, आज लई भारी गोष्ट हाय.” ती भाकरी थापत होती. म्हणाली, “ती मला ठावं हाय. तू जा.” आणि थापतच राहिली. ती भाकर इतकी पातळ झाली की तव्यावर टाकताना फाटली.

पुढं बाप वारला, आणि मी नांदेडला आलो. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं इथं ढीगभर, त्यांच्या मेसमध्ये मी पोळ्या लाटतो. आमच्या गावाकडून नांदेड म्हणजे औशापर्यंत जीप, मग लातूर, मग पुढची गाडी. आख्खा दिवस जातो. नांदेडात माझं असं कुणी नव्हतं. पोरं मला काका म्हणतात, मी त्यांच्याहून दहाच वर्षांनी मोठा असेन.

मायच्या पोटात गाठ निघाली. लातूरला तपासलं, तिथून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. येताना ती गाडीत दाराजवळ बसली होती आणि चक्क खुशीत होती. “गाडीचं बरं असतंय,” म्हणाली, “वर पत्राच हाय.” मी हसलो, पण मला पुढचं दिसत होतं.

दवाखान्याची इमारत बघितली आणि माय फाटकातच बसली. बायकांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे डोक्यावर स्लॅब, पायाखालीही स्लॅब. “मी न्हाई जायची वर,” एवढंच म्हणाली. मी समजावलं, चिडलो, पाया पडलो. डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. म्हणाल्या, “मावशी, गाठ वाढतेय. उद्या संध्याकाळपर्यंत दाखल झालात तर या आठवड्यात ऑपरेशन करू. नाहीतर कधी नंबर लागेल, सांगता येत नाही.” माय त्यांना हात जोडून म्हणाली, “बाई, तुम्ही खाली करा ना आपरेशन. हितं झाडाखाली.” बाई हसल्या नाहीत. माझ्याकडं बघितलं आणि गेल्या.

समोर नातेवाइकांसाठी पत्र्याचं शेड होतं. तिथं आम्ही पथारी टाकली. दिवसभर लोक येऊन जाऊन होते, कुणी गुरुद्वाऱ्याच्या लंगरातून पोळ्या आणून वाटत होतं, कुणी फोनवर रडत होतं. मायचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि मी तिच्या नाकापुढं हात धरून बघत होतो. ती हात झटकायची. “जित्ती हाय मी.”

महाराज त्याच शेडमध्ये होते. त्यांची बायको वर, त्याच वॉर्डात. आतडं फुटलं होतं, नाकातून नळी, आवाज निघत नव्हता. पुरुषांना वॉर्डात भेटीच्या वेळेलाच सोडायचे. म्हणून महाराजांनी एक युक्ती काढली होती. सकाळ-संध्याकाळ खिडकीखाली उभं राहून शिंगी फुंकायची आणि हाक द्यायची, “अलऽऽख!” वरून बायको स्टीलचा पेला खिडकीच्या गजावर आपटायची. टण, टण. मग महाराज चहा प्यायला जायचे. वॉचमन त्यांच्यावर ओरडायचा.

“ओ महाराज, दवाखाना हाय हा.”

“मंग? हाक आजाऱ्यालाच मारत्यात बाबा. धडधाकट माणूस आपण होऊन येतंय की.”

त्या संध्याकाळी शेडमधल्या बायांनी त्यांना नाथांची गोष्ट सांगायचा आग्रह केला. चहाच्या बदल्यात. आणि नेमकी त्यांनी उकिरड्याचीच धरली. मला उठून सांगावंसं वाटलं की दुसरी सांगा. पण तोवर त्यांनी सुरुवात केली होती.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेलीच. नाथ एका दारी भिक्षेला आला. बाईला मूलबाळ नव्हतं. नाथानं विभूतीची चिमूट दिली, म्हणाला, खा, पोर होईल. शेजारणी हसल्या, कानफाट्या जोग्याच्या राखेनं कुठं पोर होतंय व्हय? बाई लाजली, राख उकिरड्यावर टाकून दिली. बारा वर्षांनी नाथ परत आला. पोरगं कुठाय? बाई रडायला लागली. नाथ उकिरड्याजवळ गेला आणि त्यानं हाक मारली. “आन् बायांनो,” महाराज आवाज खाली आणून म्हणाले, “उकिरड्याच्या आतून ओ आली. राख सारली, शेण सारलं, तर आत बारा वर्षाचं पोरगं, हात जोडून बसल्यालं.”

बाया म्हणाल्या, धन्य रे बाबा. एकीनं डोळ्याला पदर लावला.

माय भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “महाराज, मी बी हाक मारली व्हती.”

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

“दगडाच्या ढिगावर हुभं ऱ्हाऊन मारली. ओ बी आली. लोकांनी उकरलं, तर तितं कुणीच न्हाई. तुमच्या नाथाच्या हाकेला पोरगं निघालं. माझ्या हाकेला का न्हाई?”

मी तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकत होतो. शेडमध्ये कुणीतरी पेला ठेवला, त्याचा आवाज मला आजही आठवतो. मला वाटलं, आता हे प्रारब्ध सांगतील, मागच्या जन्माचं काढतील. आमच्या गावात आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं.

महाराजांनी डोक्याचं फडकं काढलं, तोंड पुसलं. म्हणाले, “खरं सांगू का अक्का? मला न्हाई ठावं. ही गोष्ट मला बापानं शिकवली, त्याला त्याच्या बापानं. शिकवताना ह्ये कुणी इचारलंच न्हाई.”

“तुमच्याकडं राख आसती ना नाथाची?”

“आसती. चुलीतली आसती. नाथाची कुटून आणू?” एक बाई फिस्सकन हसली. महाराजही हसले. “जादू त्यांच्याकडं. आपल्याकडं निस्ती झोळी.”

माय हसली नाही, पण तिचं अंग जरा सैल झालं. मग दोघंच हळू बोलत बसले. मी जवळच होतो. तिनं त्यांना ते सगळं सांगितलं, जे मला कधीच सांगितलं नव्हतं. लेकीच्या पायात काळा दोरा होता, ती ‘ओ’ म्हणताना मान वाकडी करायची, ते. शेवटी म्हणाली, “वर गेले आन् स्लॅब आला, तर ह्यो हाका मारत बसंल. माझ्यासारखा.” ह्यो म्हणजे मी.

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती स्वतः मरायला भिते.

महाराज म्हणाले, “अक्का, तुम्ही अजून हाक मारूनच राहिलात. आता चार दिवस ऱ्हाऊ द्या. हाक मी मारतो, तुम्ही निस्ती ओ द्या. तशी बी मी रोज मारतोच. एका हाकेत दोघीजणी.”

“आन् स्लॅब आला तर?”

“मी खिडकीखालीच हाय. आधी माझ्या टाळक्यात बसंल, मंग तुमचं बघू.”

माय म्हणाली, “माझ्या पोराला त्या भिंतीच्या सावलीला हुभं ऱ्हाऊ देऊ नका मातर.”

“त्याला पार फाटकाबाहेर उभा करतो. झालं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी माय वर गेली. लिफ्टमध्ये नाही, जिन्यानं, भिंतीला हात लावत. एकेका मजल्यावर थांबून वर छताकडं बघायची. नर्सनं तिला महाराजांच्या बायकोच्या शेजारचाच पलंग दिला. संध्याकाळी मी फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी उभा होतो. शिंगी वाजली. “अलऽऽख!” पेला वाजला, टण, टण. आणि मग माझ्या मायचा आवाज आला, “ओऽऽ!” ज्या आवाजानं मी शाळा सोडली तोच आवाज, पण हाक नव्हे, ओ. मी टपरीच्या मागं जाऊन रडलो. टपरीवाल्यानं न विचारता दुसरा चहा दिला.

महाराज येऊन म्हणाले, “‘अलख’ म्हणलं की उत्तराला ‘आदेश’ म्हणायचं आसतंय. पर तुझ्या मायची ओ चालंल. नाथ राग धरायचे न्हाईत.”

ऑपरेशनपर्यंतचे दिवस असेच गेले. मी पहाटे मेसमध्ये कणीक मळायचो, मग सायकलनं दवाखान्यात. भेटीच्या वेळेत माय सांगायची की महाराजांची बाई मोठी गोड आहे, बोलता येत नाही पण डोळ्यांनी हसते, तेलंगणाच्या बाजूची असावी, झोपेत ‘अम्मा’ असे ओठ हलवते. माय तिच्या ओठांना ओला कापूस लावायची. दोघींचं काय बोलणं व्हायचं देव जाणे.

ऑपरेशनच्या दिवशी मी मेसला सुट्टी टाकली. उजाडता उजाडता पोचलो तर महाराज टपरीवर चहा पीत होते. मला बघून मान हलवली, पेला ठेवला, तोंड पुसलं आणि खिडकीखाली गेले. शिंगी त्या दिवशी नीट वाजली नाही, नुसती हवा गेली. मग हाक दिली. “अलऽऽख!” रोजच्यापेक्षा लांब.

मायची ओ लगेच आली. आणि जरा थांबून पेलाही वाजला. टण, टण.

महाराज मान वर करून तसेच उभे राहिले. मग त्यांनी खिडकीकडं बघून हात जोडले. मला वाटलं, सकाळचा नमस्कार करतायत. माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. “मायला सांग, ऐकू आलं. दोन्ही बी ऐकू आलं. आता ती जाईल आत, तू भिऊ नको.” आणि इमारतीच्या मागच्या बाजूला चालत गेले. मागच्या बाजूला काय असतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मायला आत नेलं. दुपार कलल्यावर बाहेर आणलं. गाठ काढली होती, सगळी निघाली असं मात्र डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी हाक आली नाही. मी शेडमध्ये गेलो तर महाराजांची पथारी नव्हती. टपरीवाल्याला विचारलं.

“गेले की ते. त्यांची बाई पहाटंच वारली ना.”

“पहाटं? मी आलो तवा तर हाक मारली त्यांनी.”

“मंग काय सांगून राहिलो. सिस्टर खाली येऊन सांगून गेली त्यांना. म्या म्हणलं, महाराज, आता मागं शवागाराकडं जा. तर म्हणले, दुसऱ्या बाईचं आपरेशन हाय, ती वाट बघत आसंल, हाक देतो आन् जातो. चहा घेतला आन् गेले.”

मग पेला कुणी वाजवला?

ते मायनंच सांगितलं, बोलायला लागल्यावर. शेजारचा पलंग अंधारातच रिकामा केला होता. पेला तेवढा खिडकीत राहिला होता. खालून हाक आली तेव्हा तिला वाटलं, या माणसाला अजून कुणी सांगितलेलं नाही. आपल्या तोंडानं कसं कळू द्यायचं? तिनं आपली ओ दिली, मग उठून त्या बाईचा पेला घेतला आणि गजावर आपटला. “तेवढंच दोन घटका त्यांना बरं वाटंल, म्हणलं. नंतर कळंलच की.” आणि म्हणाली, “कळलं आसंल तवा मला किती शिव्या दिल्या आसतील रे. नसल्याली ओ ऐकवली मी त्यांना.”

हे तिला सांगावं की नाही, याचा मी फार विचार केला. मला झोप यायची नाही. शेवटी ती सुटून माझ्या खोलीवर आल्यावर एका सकाळी सांगून टाकलं की त्यांना आधीच ठाऊक होतं.

माय वरच्या पत्र्याकडं बघत पडली होती. म्हणाली, “मंग त्यांनी हाक मारली ती कुणाला?”

“तुलाच.”

दुपारी तिनं जेवण मागितलं नाही. संध्याकाळी मात्र म्हणाली, “पेला वाजला तवा त्यांना काय वाटलं आसंल,” आणि तोंड भिंतीकडं केलं. त्या जुन्या ओबद्दल ती त्यानंतर बोललेली नाही. सुटली असं मी म्हणणार नाही.

आता ती माझ्याकडंच आहे, नांदेडात. मुद्दाम पत्र्याची खोली घेतली आहे. तिचं अंग उतरत चाललंय. परवाच्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाई नुसतं “बघू” म्हणाल्या, आणि त्या ‘बघू’नं माझी झोप गेली आहे. माय सकाळी आता हाक मारत नाही. जाग आली की थोडी थांबते, कान देते, आणि आपण होऊन हळू आवाजात ‘ओ’ म्हणते. मग मी चहा ठेवतो.

महाराजांना मी शोधतो आहे. माळेगावच्या जत्रेत जाऊन आलो, तिथं भगव्या कफन्या शेकड्यानं, सगळ्यांच्या गळ्यात शिंगी. देगलूरच्या रस्त्याला पालं पडली होती, तिथं विचारलं. एक म्हातारा जोगी म्हणाला, “नाव सांग.” मी म्हणालो, नाव नाही माहीत, आवाज माहीत आहे.

महाराज, हे कुणी वाचून तुमच्या कानावर घातलं तर बरं होईल. त्या दिवशी मागच्या बाजूला तुमच्याबरोबर यायला पाहिजे होतं कुणीतरी, ते मी आलो नाही, मला कळलंच नाही. तुम्ही कधी आजारी पडाल, कुठल्या मजल्यावर असाल, मला निरोप द्या. माझा आवाज तुमच्यासारखा नाही, आणि इमारतीच्या सावलीत उभं राहायला मायची परवानगी नाही. तरी मी येईन. खिडकीखाली उभा राहीन आणि तुमची ओ येईपर्यंत हाक मारीन.